उलटा लावलेला घेवडा

नगर जिल्ह्यात परीक्षक म्हणून जायचं पत्र आलं, तेव्हा घरात त्याची दखल एकाच वाक्यात घेतली गेली. "तिकडे मासे मिळायचे नाहीत," नवरा म्हणाला आणि पेपर वाचायला लागला. आमच्या देवरुखात नगरबद्दलचं ज्ञान साधारण इतकंच. कागदोपत्री आता ते अहिल्यानगर झालं आहे, पण स्टँडवर, हॉटेलात, रिक्षात सगळ्यांच्या तोंडी अजून नगरच, म्हणून मीही इथे नगरच म्हणते.

मी डी.एड.ला शिकवते. म्हणजे उद्या पहिली-दुसरीच्या मुलांना जे विज्ञान शिकवणार आहेत, त्यांना ते कसं शिकवायचं हे मी शिकवते. वाक्य लांबलचक झालं, पण माझं कामही तसंच आहे, मुलांपासून दोन हात लांबचं. पूर्वी मी एका वाडीवरच्या शाळेत होते. एक खोली, चार इयत्ता, आणि प्रश्नांना तर अंतच नाही. मग बढती मिळाली आणि मी मागच्या बाकावर जाऊन बसले, ती आजतागायत दुसऱ्यांना शिकवताना बघते आहे. लोक म्हणतात, आरामाचं काम. मला मात्र त्या खोलीची इतकी आठवण येते की शेजारच्या शाळेची मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी आत काहीतरी तुटतं. हे कुणाला बोलून दाखवायची सोय नाही, म्हणून इथे लिहून टाकते.

भिंगार, सोमवार

भिंगार नगरला चिकटूनच आहे. एकीकडे लष्कराच्या गाड्या, कडक इस्त्रीचे गणवेश, चुना मारलेले दगड. आणि दोन वळणं घेतली की जुना बाजार, भांड्यांची दुकानं, चहात बुडवायला गरम खारी. खारीचा पहिला तुकडा मी बुडवला तो कपातच राहिला. शेजारी बसलेल्या गायकवाड सरांनी अत्यंत गंभीरपणे मला चमचा दिला.

गायकवाड सर म्हणजे तिथल्या अध्यापक विद्यालयाचे अंतर्गत परीक्षक. मी बाहेरून आलेली, ते घरचे, आणि आम्ही दोघांनी मिळून डी.एड.च्या मुलींच्या पाठांना गुण द्यायचे. सरांची दोनच गोष्टींवर श्रद्धा: पाठाचा साचा आणि नगरी जेवण. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, निष्कर्ष, मूल्यमापन यांतली एक पायरी चुकली की सरांचा चेहरा आमटीत खडा लागल्यासारखा होई. माणूस मनाने फार चांगला. स्वतःची जुनी पांढरी गाडी स्वतः चालवत त्यांनी मला आठवडाभर जिल्हा दाखवला.

पहिला पाठ मेणबत्तीचा होता. पेटत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास ठेवायचा, ज्योत विझते, आणि जळायला हवा लागते हे तिसरीच्या मुलांनी त्यावरून ओळखायचं. शिकवणाऱ्या मुलीने विचारलं, "ग्लास ठेवल्यावर काय होईल, मुलांनो?"

"मेणबत्ती तशीच जळेल, बाई!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

ग्लास ठेवला. ज्योत विझली. "अय्या!" वर्ग म्हणाला. तेही एका सुरात.

मला संशय आला. सुट्टीत दोन वेण्यावाल्या एका मुलीला मी गाठलं आणि विचारलं, तुला खरंच वाटलं होतं का तशीच जळेल म्हणून?

"न्हाई बाई. इझती, आमाला म्हाईतंय," ती समजूत घातल्यासारखी म्हणाली. "पन आदी चुकीचं सांगायचं असतं. न्हाईतर नव्या बाईंचा पाठ पुढं जात न्हाई."

ही सरावाची शाळा. दरवर्षी डी.एड.ची नवी तुकडी येते आणि दरवर्षी तीच मेणबत्ती पेटते. मुलं बिचारी सभ्यपणाने चुकतात, आणि पाहुण्यांचा मान राखतात. सर पोट धरून हसले. मीही हसले, पण दुपारी जेवताना ते हसू काही टिकलं नाही. समोर शेंगोळे होते, म्हणजे हुलग्याच्या पिठाची कडबोळी, लालभडक रश्श्यात शिजवलेली. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, आणि मी सोलकढी मागितली तेव्हा वाढणाऱ्या बाईंनी मला ताक आणून दिलं. ते ताक पिताना मला सारखं वाटत होतं, की एखाद्या पोराने माझ्यासमोर एकदा तरी खरोखर चुकावं.

जामखेडच्या पुढे, मंगळवार

आमच्याकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं इतकी, की समोरचं वळणसुद्धा दिसत नाही. इथे सगळंच दिसत होतं. काढलेली ज्वारी शेतात आडवी पडलेली, मध्येच बाभळीखाली शेळ्या, आणि खूप लांबवर बालाघाटाची बुटकी रांग. इतकं आभाळ मी एका वेळी कधी पाहिलं नव्हतं. आधी त्याची भीती वाटली, मग जामखेड मागे पडेपर्यंत सवय झाली.

गाडीत सरांनी सुनीताबद्दल सांगितलं. तिशीला टेकलेली, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी डी.एड.ला आलेली. गेल्या वर्षी याच परीक्षेत पाठ चालू असताना ती मध्येच गप्प झाली, फळ्याकडे तोंड करून रडायला लागली, आणि नापास झाली. आता दुसरी आणि शेवटची संधी. यंदा छात्रसेवेसाठी, म्हणजे शाळेत राहून शिकवायच्या सरावासाठी, तिला तिच्या सासरच्या गावची शाळा दिली होती. "हुशार आहे हो," सर म्हणाले, "पण साच्यात बसत नाही."

दोन खोल्यांची शाळा, भिंतींवर रंगवलेले पाढे आणि वाघ. दुसरीचा वर्ग ओसरीवर बसला होता आणि प्रत्येकापुढे मातीने भरलेला चहाचा कागदी कप होता. विषय, बी कसं रुजतं. हा पाठ मी किती वेळा पाहिला असेल त्याला गणती नाही. तीन वाट्या असतात: एकीत कोरडं कडधान्य, दुसरीत भिजवलेलं, तिसरीत मोड आलेलं. मुलं बघतात, बाई सांगतात, झालं. माझ्या विद्यार्थिनीही असंच करतात, आणि मी त्यांना बरे गुण देते.

सुनीताकडे वाट्या नव्हत्या. तिने काही दिवस आधीच मुलांकडून घेवड्याच्या बिया पेरून घेतल्या होत्या. लहान मुलांनी बी पेरलं की ती दुसऱ्याच दिवशी उकरून बघतात, आणि आपण ओरडतो. सुनीताने ओरडण्याऐवजी प्रत्येकाला जास्तीच्या बिया दिल्या होत्या. रोज एक उकरायची, बघायची, बाकीच्या राहू द्यायच्या. हे पाहून मला इतका आनंद झाला की मी गुण द्यायचं विसरून पुढे वाकून बसले. शेजारी सर घड्याळ बघत होते, कारण हेतुकथन अजून झालं नव्हतं.

मुलांनी बोटं घातली. कुणाची मुळी लांब, कुणाची नुसतंच टरफल फुटलेलं, एकाच्या कपात मुंग्या. मुळ्या या हातातून त्या हातात फिरल्या आणि बऱ्याच मोडल्या. मध्यभागी कार्तिकी नावाची एक मुलगी होती, पुढचे दोन दात पडलेली. तिने आपलं बी कुणाला हात लावू दिलं नाही. तळहातावर ठेवून ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, ह्यो उलटा करून लावला, मुळी वर आन् डोकं खाली, तर मुळी आभाळात जाईल का वो?"

वर्ग हसला आणि लगेच भांडायला लागला. एक म्हणाला जाईल, एक म्हणाला बी मरंल, एक म्हणाली मुळी मोडंल. सभ्यपणा कुणालाच आठवत नव्हता.

सुनीताने एकदा आमच्याकडे पाहिलं. "मला माहीत नाही," ती पुस्तकी मराठीत म्हणाली. मग पदर खोचून मुलांमध्ये उकिडवी बसली आणि आपल्या बोलीवर आली. "म्या कधी बघितलं न्हाई, कार्ते. लावून बघू?"

सरांनी पेन खाली ठेवलं.

उत्तर मला माहीत होतं. मुळी वळते आणि खालीच जाते. मी मागे, भिंतीला लागून खुर्चीवर, परीक्षक म्हणून बसले होते आणि माझे पाय मला तिथून उठवत होते. उत्तर सांगायला नव्हे. फक्त जाऊन त्या पोरीशेजारी मांडी घालून बसावं, तिच्या बोटांनी ती माती कशी दाबते ते जवळून बघावं, एवढंच. वीस वर्षांत इतकं तीव्रपणे मला काही हवंसं वाटलं नव्हतं. कार्तिकीने बी उलटं लावलं, वर माती लोटली आणि तास संपला. निष्कर्ष नाही, मूल्यमापन नाही.

"अपूर्ण पाठ," सर बाहेर येऊन म्हणाले. "मॅडम, मला मुलीबद्दल काही म्हणायचं नाही. पण जो पाठ संपलाच नाही त्याला पास कसं करायचं? उद्या सगळेच म्हणतील, बघू नंतर."

मी भांडले. ते ऐकेनात. तेवढ्यात सुनीता चहा घेऊन आली. सर हात धुवायला गेले, तेव्हा मी तिला हळूच विचारलं, तुला खरंच माहीत नव्हतं?

"पुस्तकात हाय मॅडम, मुळी खाली जाती म्हनून. पाठ हाय मला," ती म्हणाली. "पन म्या बघितलेलं न्हाई. न बघितलेलं म्हाईत हाय म्हनून पोरांला कसं सांगू?" मग कपबशा गोळा करत ती म्हणाली, "औंदा न्हाई झालं तर घरचे म्हनत्यात बास झालं, आता रानात चला. त्यांचं बी चुकत न्हाई म्हना."

वळलेली मुळी मी फळ्यावर किती वेळा काढली आहे, बाण दाखवून, नाव लिहून. प्रत्यक्षात मीसुद्धा ती कधी पाहिली नव्हती.

गाडीत बसताना सरच म्हणाले, "गुण शनिवारी पाठवायचे आहेत. पाठ अपूर्ण आहे ना? मग शनिवारी येऊन पूर्ण झालेला बघू. पूर्ण झाला तर मी अडवणार नाही." मला वाटलं, वादाच्या भरात बोलले. पण माणूस साच्याला पक्का, तसाच शब्दालाही.

भंडारदरा, बुधवार ते शुक्रवार

उरलेल्या मुलींचे पाठ जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला होते. अकोले गावाच्या पुढे रस्ता चढायला लागला, कौलारू घरं दिसली, डोंगर जवळ आले, आणि मला घरी आल्यासारखं झालं. जामखेड आणि भंडारदरा एकाच जिल्ह्यात कसे, हे मला अजून नीट समजलेलं नाही. घाटात गाडी तापली. पिण्याच्या पाण्याची माझी बाटली सरांनी न विचारता इंजिनाला पाजली आणि आम्ही धरणाचं निळं पाणी बघत तहानलेले उभे राहिलो.

जिथे उतरलो, तिथल्या सखूबाईंनी नाचणीची भाकरी वाढली. घासाबरोबर माझ्या तोंडून "आहा" निघून गेलं. "तुमच्यात बी नाचनीच का?" त्यांनी कौतुकाने विचारलं. मी हो म्हटलं, तर शुक्रवारपर्यंत मला वरईचा भात आणि नाचणीशिवाय दुसरं काही मिळालं नाही. सर नाराज होते. इकडची आमटी त्यांना फार सौम्य वाटत होती.

पाठ चांगले झाले. एकीने लोहचुंबक शिकवला, दुसरीने तरंगणं आणि बुडणं, दोघींनी साचा तंतोतंत पाळला. मी गुण दिले, पण माझं सगळं चित्त जामखेडच्या पुढल्या ओसरीवरच्या एका कपात होतं. पहिल्याच संध्याकाळी मी सखूबाईंकडून मूठभर घेवडा मागून घेतला आणि ओल्या रुमालात बांधून ठेवला. म्हटलं, मोड आले तर आपणच उलटा लावून बघू. पण तिथल्या थंडीत तो ढिम्म हलला नाही. कोकणातल्या माणसाने एकच शाल घेऊन भंडारदऱ्याला जाऊ नये, हे जाता जाता सांगून ठेवते.

शुक्रवारी सकाळी सर अंगणात दात घासत होते. मला बघून त्यांनी चूळ भरली आणि विचारलं, "आला का मोड?" माझ्या रुमालाबद्दल मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. सखूबाईंनी सांगितलं असणार.

पुन्हा जामखेडच्या पुढे, शनिवार

शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून आम्ही आदल्या रात्री नगरला मुक्काम करून पहाटेच निघालो. दोघांनाही कबूल करायचं नव्हतं, पण घाई दोघांनाही होती. सरांनी वाटेत चहालासुद्धा गाडी थांबवली नाही, आणि हे नगरच्या माणसाकडून फार झालं.

ओसरीवर मुलं होती, कप रांगेत मांडलेले होते. कार्तिकीचा कप मी लगेच ओळखला. त्यातली माती एका बाजूने जराशी उचलली गेली होती आणि तिला बारीक चीर पडली होती.

"चला," सर चप्पल काढत म्हणाले, "बघू द्या काय झालंय ते."

सुनीता जागची हलली नाही. "कार्तिकी आली न्हाई, सर. आईसंगं मामाच्या गावच्या यात्रेला गेलीया. सोमवारी यील."

"बरं. मग तू उकर."

"तिचा परशन हाय सर," सुनीता म्हणाली. "तिनंच उकराया पायजे."

सरांना वाटलं, हिला कळलं नाही. ते आवाज खाली आणून, समजावून म्हणाले, "सुनीता, गुण आजच जायचेत. मी आणि मॅडम यासाठीच आलोय. बी उलटं लावलेला कप हा एवढाच. यात दिसलं तर तुझा पाठ पूर्ण, नाही तर अपूर्ण. लक्षात येतंय ना?"

"व्हय सर."

"बाई, मी उकरू का?" एक पोरगं पुढे झालं. "न्हाई," ती म्हणाली, आणि कप उचलून तिने छातीशी धरला. थोडी माती तिच्या पदरावर सांडली.

मी तिची बाजू घेऊन काहीतरी बोलायला हवं होतं. पण खरं सांगते, त्या क्षणी मला तो कप तिच्या हातातून ओढून घ्यावासा वाटला. आख्खा जिल्हा ओलांडून मी आले होते. चमचाभर माती बाजूला करायची, आणि जे इतकी वर्षं फळ्यावर काढलं ते दिसलं असतं. तिचंही भलं झालं असतं, माझंही. पुन्हा या ओसरीवर मी कधी येणार होते?

"तिला वाटंल, बाईनं माझ्याबिगर बघितलं," सुनीता म्हणाली. आवाज फुटला, पण गेल्या वर्षीसारखी ती फळ्याकडे वळली नाही. "तुमी अपूर्ण लिवा, सर. माझं काय म्हननं न्हाई."

तिने कप खिडकीत उन्हाला ठेवला, त्यावर थोडं पाणी शिंपडलं आणि मुलांना बाकीचे कप पुढे घ्यायला सांगितलं. सरांनी चपला घातल्या.

जामखेडच्या स्टँडजवळ सरांनी गाडी थांबवली, दोन चहा सांगितले आणि स्वतःचा निवू दिला. मग खिशातून पेन काढलं, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सुनीताला उत्तीर्णचे गुण लिहिले आणि सहीसाठी माझ्यापुढे सरकवला. ते गुण मी दिले असते त्याहून दोन जास्तच होते.

"पूर्ण झाला का मग पाठ?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"नाही," सर म्हणाले. "सोमवारी होईल. मी येतोय. रजा टाकतो."

माझं संध्याकाळच्या गाडीचं आरक्षण होतं, आणि सोमवारी देवरुखात माझ्याच मुलींच्या पाठ परीक्षा सुरू होत होत्या. एका कागदी कपावरून मी आयुष्यात कुणाचा इतका हेवा केला नव्हता. मी सही केली.

देवरुख, सोमवार

घरी सुरमई वाट बघत होती. नवऱ्याने विचारलं, कसं काय नगर? मी म्हटलं, कोरडं आहे, आणि मग मलाच वाईट वाटलं, कारण ते खरं नव्हतं.

सोमवारी मी मागच्या बाकावर होते. पुढे एक मुलगी तीन वाट्या मांडत होती. फोन थरथरला तशी मी कधी नव्हे ती चालू पाठातून उठून बाहेर गेले.

"वळली, मॅडम!" सरांचा आवाज इतका वर गेला होता की ओळखू येईना. "थांबा, हिच्याशीच बोला."

फोन कुणाच्या तरी हातात गेला, मग खरखर, मग मुलांचा गलका, आणि त्यातून दातांच्या फटीतून येणारा आवाज. "बाई, मुळी आदी वर गेल्ती जराशी. मंग वळली, आन् खाली गेली. कोपरावानी."

"हो का गं?"

"तुमाला म्हाईत हुतं?"

"पुस्तकात वाचलं होतं," मी म्हटलं. "पाहिलं नव्हतं कधी."

पलीकडे गलका चालूच होता, त्यात सुनीता कुणाला तरी हळू धर म्हणत होती.

"म्हंजे तुमी अजून बी बघितलं न्हाई?"

"नाही गं."

"मग या की," कार्तिकी म्हणाली. "मी परत झाकून ठिवते."